दारासमोरच्या जांभळी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगराळ मुलखातल्या एका गावात एक गवंडी राहायचा. राहायचा म्हणणंही तितकंसं खरं नाही, कारण जिथं काम निघेल तिथं तो आणि त्याची बायको साळू बिऱ्हाड घेऊन जायचे. ज्याचं घर बांधायचं त्याच्याच अंगणात चार बांबूंवर चटई टाकून राहायचे. गवंडी भिंत चढवायचा, साळू चिखल मळायची. घर उभं राहिलं की मालक आत जायचा आणि हे दोघं पुढच्या गावाला निघायचे. अशी पंचवीस वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही.

एकदा गवंड्यानं एका गावच्या तळ्याला दगडी पायऱ्या बांधून दिल्या. काम इतकं नेटकं झालं की गावचा पाटील खूश झाला. त्यानं गवंड्याला टेकडीवर नेलं, समोरच्या दाट रानाकडे हात केला आणि म्हणाला, "हे कुणाचंच नाही. यातलं जेवढं तोडून नांगराखाली आणशील, तेवढं तुझं."

गवंड्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाऊस संपल्यावर दोघांनी टेकडीच्या उतारावर मोकळी जागा पाहून झोपडी उभी केली. झोपडीच्या दारासमोर जांभळीची सात झाडं होती, जुनी, जाड बुंध्यांची आणि बाराही महिने हिरवीगार. साळू त्यांच्या बाजूनं पुढं गेली आणि एका खडकावर चढून उभी राहिली. खाली रुंद दरी पसरली होती. तळाशी नदी वळण घेत होती, आणि पलीकडच्या काठावर शेतं होती, घरं होती.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "आजवर माझ्या दारासमोर कायम दुसऱ्याची भिंत होती. ही झाडं तेवढी काढा ना. दिवसभर राबून आलं की आपल्या दारात बसायचं आणि लांबवर बघायचं. मला दुसरं काही नको."

गवंड्यानं झाडांकडे पाहिलं. आठ-दहा दिवसांचं काम होतं.

"काढू की," तो म्हणाला. "पण ही तर आपल्याच हद्दीत आली, कुठं पळून जातायत? पलीकडच्या वाडीची माणसंही रान तोडत इकडं सरकतायत. आधी कडेचं रान तोडू. मग तुझ्या जांभळी."

साळूला ते पटलं. तिनं कोयता घेतला आणि ती त्याच्याबरोबर रानाच्या कडेला गेली.

पहिल्या वर्षी एक वावर निघालं. त्यात नाचणी पिकली. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं धान्य म्हणून साळूनं गूळ घालून खीर केली, दारात दोन पाट मांडले आणि त्याला हाक मारली. तो आला. त्यानं खिरीची वाटी उभ्यानंच तोंडाला लावली, मनगटानं ओठ पुसले आणि कुऱ्हाड उचलली.

"जरा बसा तरी," साळू म्हणाली.

"उजेड आहे तोवर दोन झाडं पडतील. तू बस."

ती एकटीच बसली. समोर जांभळी होत्या.

दुसऱ्या वर्षी वावरं दोन झाली, चौथ्या वर्षी पाच. गाय आली, बैलजोडी आली, गोठा झाला. दरवर्षी काढणी झाली की साळू जांभळींची आठवण करून द्यायची आणि दरवर्षी गवंडी म्हणायचा, "यंदा ओढ्यापर्यंत जाऊ, मग बघ." ओढा आला. मग तो म्हणाला, "त्या कातळापर्यंत." सहाव्या वर्षानंतर तिनं विचारणं सोडून दिलं. गवंड्याला वाटलं, बाई समजूतदार झाली.

एकदा संध्याकाळी ती म्हणाली, "मला अलीकडं अंधुक दिसतं हो."

"चुलीचा धूर लागत असेल," तो कुऱ्हाडीला धार लावत म्हणाला. "डोळ्यांवर पाणी मार."

ती पाणी मारत राहिली. पुढं ती नाचणीतले खडे बोटांनी चाचपून काढू लागली. कधी तांब्यात ओतायचं पाणी बाजूला सांडायची. तो चिडला की मुकाट्यानं जमीन पुसून घ्यायची.

नवव्या वर्षी, ऐन दुपारी, गवंडी कडेच्या रानात काम करत होता. साळू भाकरी घेऊन येताना त्याला लांबूनच दिसली. दिसणारच, कारण मधे एक झुडूपही त्यानं ठेवलं नव्हतं. ती पाय चाचपत चालत आली आणि त्याच्यापासून दहा पावलांवर थांबली. लख्ख ऊन होतं. तो तिच्या अगदी समोर उभा होता.

"अहो," तिनं हाक मारली, "कुठं आहात तुम्ही?"

गवंड्याच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली.

त्यानं तिला गाडीत बसवून वैद्याकडे नेलं. वैद्यानं तिच्या डोळ्यांपुढं दिवा फिरवून पाहिला, मग गवंड्याला बाहेर बोलावलं. "दोन-तीन वर्षांपूर्वी आणायला हवं होतंस," तो म्हणाला. "तेव्हा काही करून पाहता आलं असतं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळेल."

परत येताना साळूनंच विचारलं, "बैल दमलेत का? त्यांना पाणी पाजा."

त्यानंतर ती दिवसभर दारात बसू लागली, तोंड जांभळींकडे करून. गवंडी वावरातून तिला बघायचा. त्याला वाटायचं, जे बघायला मिळालं नाही त्याच्यासाठी ती झुरते आहे. त्याला खाणंपिणं सुचेना. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं आणि तो साळूला म्हणाला, "तुझ्या भावाकडं राहून ये थोडे दिवस. तेवढाच बदल."

तिला भावाकडं पोचवून तो घरी आला आणि त्यानं जांभळींना हात घातला. सातही झाडं त्यानं एकट्यानं पाडली. फांद्या ओढून नेल्या, ओंडके बैलांनी ओढून नेले, पालापाचोळा झाडून अंगण सारवलं. दहाव्या दिवशी दारासमोर आडवं असं काही राहिलं नाही. घामानं निथळत तो उभा राहिला. नऊ वर्षांनी दिलेला शब्द पाळल्याचं समाधान त्याला वाटत होतं.

मग तो साळूला घेऊन आला. हात धरून त्यानं तिला दारात बसवलं.

ती थोडा वेळ मान तिरकी करून बसली. मग तिनं हातानं उंबरठा चाचपला, चौकट चाचपली.

"आपण घरीच आलो ना?" तिनं विचारलं.

"घरीच की."

"मग इथवर ऊन कसं?"

"जांभळी काढल्या," गवंडी म्हणाला. "सगळ्या. तू मागितलं होतंस ना."

साळूचे हात मांडीवर पडून राहिले. ती बोलली, पण आवाजात राग नव्हता.

"सकाळी त्यांच्यावर बुलबुल बोलायला लागले की मला दिवस उजाडल्याचं कळायचं. पानं वाजायची थांबली की दुपार झाली हे कळायचं. वारा डोंगराकडून आला की एक आवाज यायचा, नदीकडून आला की निराळा. मी त्यांच्याच सोबतीनं बसायची."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तो तिथंच, अंगणात मटकन बसला. सात बुंध्यांच्या जागी सात पांढरे खुंट दिसत होते, त्यांतून अजून रस झिरपत होता. त्यानं रडू आवरायचा प्रयत्न केला, पण तिला ते ऐकू गेलंच. तिनं हात पुढं केला आणि हवेत चाचपत राहिली. तो उठून तिच्याजवळ गेला तेव्हा तिनं त्याचा दंड धरून त्याला उंबऱ्यावर बसवलं.

"एवढं उघडं केलंत, तर सांगा तरी," ती म्हणाली. "काय दिसतंय?"

"नदी आहे," तो म्हणाला.

"कशी आहे?"

गवंड्यानं तोंड उघडलं आणि त्याला पुढचं सुचेना. नऊ वर्षं तो या टेकडीवर राबला होता, पण कुऱ्हाड लागेल तेवढ्यापलीकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच दरीकडे नीट पाहिलं.

"वळणावर पाणी उथळ असावं," तो घाईघाईनं सांगू लागला, "तिथं पांढरं चमकतंय. पुढं गर्द आहे. काठावर कुणीतरी गुरं आणलीत, एक गाय पाण्यात उतरलीय, पलीकडं दहाबारा घरं, एकातून धूर..."

"हळू सांगा," साळू म्हणाली. "आता कसली घाई आहे?"

दुसऱ्या दिवसापासून गवंडी रानाच्या कडेला गेला नाही. पलीकडच्या वाडीवाल्यांनी उरलेलं रान तोडून घेतलं, तरी त्यानं तिकडं पाहिलं नाही. साळू त्यानंतर दोन वर्षं जगली. रोज दिवस कलला की तो तिच्याशेजारी बसायचा आणि दिसेल ते सगळं सांगायचा. ती ऐकायची. पण सकाळी बुलबुल बोलायच्या वेळेला ती जागी होऊन कान देऊन बसलेली असायची, आणि तेव्हा मात्र त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसायचं.

तात्पर्य: आपल्या माणसानं मागितलेलं थोडंसं सुख पुढं ढकलू नये, आणि उशीर झालाच, तर ते देण्याआधी त्याला आता काय हवं आहे, हे त्यालाच विचारावं.