पाखरांची टकटक

“…पाखरं येतात, आक्का, येतात. पण राहत का नाहीत?”

दिगंबर शेटे तिसऱ्यांदा तेच विचारत होते. टेकडीवरच्या मठातून आमच्या म्हाळसाआक्कांना त्यांनी खास गाडी पाठवून बंगल्यावर आणलं होतं. आक्कांचे पाय बागेला लागावेत, असं म्हणत होते. मला विचाराल तर, आक्कांनी तोंडभर वाहवा करावी म्हणून. मी आक्कांची पिशवी धरून मागं मागं चालत होतो.

बाग मात्र दृष्ट लागावी अशी होती, खोटं कशाला बोलू? फुलपाखरांसाठी घाणेरी आणि पानफुटी. सुरवंटांनी खुशाल खावा म्हणून कढीपत्ता. मध चोखणाऱ्या शिंजीर पाखरांसाठी जास्वंद. झाडांखाली पाण्यानं भरलेली मातीची परळं. एक फुलपाखरू तर सरळ माझ्या धोतरावर येऊन बसलं!

शेटे एकेका झाडाचं कौतुक सांगत होते. आक्का नुसतं “हं…” करत होत्या.

“हे सगळं कुणासाठी?”

“कुमुदसाठी. दोन वर्षं झाली, अंथरुणाला खिळलीय बिचारी. दुसरं कसलं सुख नाही तिला. म्हणून अख्खी भिंत पाडून ही काच बसवली. पलंगावरून सगळी बाग दिसते.”

काच इतकी लख्ख, की आभाळ आणि जास्वंद तिच्यात जशीच्या तशी उमटली होती. मी तर पुढंच चाललो होतो. कपाळ आपटलं तेव्हा कळलं, काच आहे म्हणून.

शेटे हसले. आक्का हसल्या नाहीत.

“तिला बाहेर आणत नाहीस?”

“कशाला? ऊन, धूळ… आतून दिसतंय की सगळं.”

आम्ही आत गेलो. कुमुदताई उशांना टेकून काचेकडं तोंड करून बसल्या होत्या. आक्कांना बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आक्का, रोज सकाळी पाखरं मला हाक मारतात. काचेवर टकटक करतात. हे म्हणतात, तुझी चौकशी करायला येतात.”

“मग?”

“मग खाली जातात.”

आक्कांनी काचेच्या बुडाकडं पाहिलं.

“खाली काय आहे हो, आक्का? हे म्हणतात, दाणे टाकलेत.”

शेटे एकाएकी पडद्याची दोरी सारखी करू लागले. दोरी चांगली सरळ होती.

आक्कांनी कुमुदताईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तशाच बाहेर आल्या. काचेच्या बुडाशी झेंडूचा दाट वाफा होता. त्यांनी वाकून झाडं बाजूला सारली.

शिंजीर पडला होता. जांभळा, अंगठ्याएवढा. मान मोडून एका बाजूला कलली होती.

माझ्याकडून कपाळावरचं टेंगूळ आपसूक चाचपलं गेलं.

आक्कांनी तो उचलून शेट्यांच्या तळहातावर ठेवला.

“माळी उचलतो रोज,” शेटे पुटपुटले. “आज राहिला वाटतं.”

“रोज?”

शब्द शेट्यांच्या तोंडून गेला होता. आता गिळणार कसा?

“आक्का, हळू बोला, पाया पडतो! तिला कळलं तर… अहो, ती या टकटकीवर जगतेय!”

म्हणजे या गृहस्थाला ठाऊक होतं. रोज सकाळी बायकोच्या उशाशी बसून ते ऐकत होता आणि वर हसून सांगत होता, बघ, आली तुझी पाखरं!

आक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. गुलाबांना घालायला माळ्यानं शेण कालवून बादली भरून ठेवली होती. आक्कांनी पदर खोचला, बादली उचलली, आणि भस्सकन् काचेवर ओतली.

अरे देवा!

माळ्याच्या हातातली झारी पडली. आक्का दोन्ही हातांनी, अंगण सारवावं तशी काच सारवू लागल्या. आभाळ गेलं, जास्वंद गेली. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. वाटलं, म्हातारीला वेड लागलं. त्यांनी कोपरानंच मला बाजूला सारलं.

आतून हाक आली.

“अहो… अंधार का झाला? पाखरं गेली का?”

शेटे मटकन् झेंडूतच बसले. शिंजीर अजून हातात होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात राग होता.

“काय केलंत हे, आक्का! एवढं एकच सुख होतं तिला. आता तिला पाखरं दिसायची कशी?”

आक्का राहिलेला कोपरा सारवत होत्या. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.

“आधी पाखरांना भिंत दिसू दे.”