तिसऱ्या मागाचा ठोका

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आदल्या सांजेला वावटळ आली, आमच्या गल्लीतले विजेचे खांब तिनं लोळवले आणि जाताना गावातला सगळा वारा बरोबर घेऊन गेली. उन्हानं पत्रे तडतडत होते. लाईट नाही म्हणून माझे चारी यंत्रमाग गप्प. एवढी शांतता आमच्या कानाला सोसत नाही.

"मग सांगा की वस्ताद, आमचं म्हणून काय ऱ्हायलं आता?"

तळघराच्या दारात उभा राहून तुषार विचारत होता. वस्ताद पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"कुणाचं?"

"आपलं. आपल्या गाण्याचं."

वस्तादांनी सुईत नवा दोरा ओवला.

दस्तगीर वस्ताद माझे शेजारी, भिंतीला भिंत. तरुणपणी मोहरमात रिवायतीची गाणी म्हणायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या बायका चुलीवरचं दूध विसरायच्या. माझ्या मागांच्या खाली तळघर आहे. पूर्वी तिथं सुताचे गठ्ठे असत. पुढं तुषार, इरफान अशी काही पोरं गिटार आणि ड्रम घेऊन तिथं बसायला लागली. उघड्यावर वाजवलं की गल्ली अंगावर यायची. पण वर माग चालू असले, की खाली कुणी जीव तोडून गायलं तरी बाहेर कळत नाही. म्हणून माग चालू तेव्हाच गाणं. माग बंद, गाणं बंद. अशी रीतच पडली.

गळा कसा लावायचा ते शिकायला पोरं वस्तादांकडं आली. वस्तादांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं. मागावर ओरडायचं नाही, मागाबरोबर गायचं. ठोका वरून येतोय, तो धरा.

त्यात एक अडचण होती. माझा तिसरा माग लंगडा. आडवं सूत नेणारा त्याचा धोटा मध्येच अडतो, एक ठोका गिळतो आणि पुढं पळत सुटतो. वस्ताद भिंतीवरून मला कायम म्हणायचे, "आप्पा, तेवढा तिसरा दुरुस्त करून घ्या की. पोरं ठेचकाळत्यात." मी म्हणायचो, घेतो. पण राहून जायचं. शेवटी जॉबरला सांगून ठेवलं होतं. मागाची दुरुस्ती करणारा हा माणूस महिन्यामागून महिने उद्या येतो म्हणत होता. आता खरंच उद्या येणार होता.

ऐकणारी दहा-बारा टाळकी. आज आहे रे, एवढं चहाच्या गाडीवर एकमेकाच्या कानात सांगायचं, की झालं. मग तुषारनं एका गाण्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. तो टाकला आणि पोरं दोन दिवस त्या फोनभोवती अंडं उबवल्यासारखी बसली. कुठून कुठून माणसं लिहायला लागली. नोकरीला पुण्याला गेलेले आमचेच दोघे, कधी फोन उचलत नव्हते, तेही लिहायला लागले. तुषारनं मग सगळीच गाणी टाकली. ड्रमवाला इरफान तर तळघरात उतरायच्या आधी केस कापून यायला लागला.

आणि मग माणसं खरीच आली. एसटीनं आली, मोटारसायकलीनं आली, डबे घेऊन आली.

आजही आली होती. चाळीसभर असतील. गल्लीत सावली धरून उभी होती. आज वस्ताद आपली जागा तुषारला देणार होते, म्हणून माग बंद असले तरी ठरलेला दिवस मोडायचा नव्हता. जागा म्हणजे काय, तर सुताच्या गठ्ठ्याचं एक जुनं पोतं, चौघडी घातलेलं. त्यावर बसेल त्यानं पुढची पोरं शिकवायची. तुषारनं त्यासाठी गुजरातेतली चांगली नोकरी सोडली होती. आईनं महिनाभर अबोला धरला, तरी तो हलला नाही.

"ही माणसं आत आली तर मी पोत्यावर बसणार न्हाई," तुषार म्हणाला. "यांना कशातलं काय कळतंय? फोन वर धरत्यात, हलत्यात, जात्यात. मागच्या खेपेला एकानं विचारलं, पंखे का न्हाईत? आपण बारा जण होतो तेच बरं होतं."

"मग?"

"मग कडी घालायची. आपली माणसं आत, बाकीची बाहेर."

वस्तादांनी चप्पल पायात सरकवली. उठले. आमच्या सगळ्यांना वाटलं, आता याचा कान धरणार.

"बरं," ते म्हणाले. "घाल कडी."

तुषारचा चेहरा उजळला. त्यानं आपल्या पोरांना आत घेतलं. दार लावायला वळला, तर वस्ताद पायरीवरच.

"वस्ताद, आत या की."

"तू घाल कडी."

"अवो, पण तुम्ही..."

"मी पण यांच्यासारखाच. आयुष्यभर ऐकतोय, कळलेलं काय न्हाई. घाल."

 तुषारला राग आला असावा. दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

वस्ताद पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. माणसं हळूहळू खाली सरकली. 

आतून गिटारची तार वाजली. लाईट नसल्यामुळं डासासारखी. मग इरफाननं ड्रमवर सुरुवात केली. तुषारनं तोंड उघडलं आणि थांबला.

"लेका, किती पळवतोस?"

"मी पळवतोय? तूच रांगतोयस."

पुन्हा सुरू. पुन्हा बंद. प्रत्येकाचा ठोका वेगळा. वर माग नव्हते ना. इतकी वर्षं ज्याच्या बोटाला धरून चालले, तेच आज नव्हतं.

"चूक तुझी हाय!" आतून आरडाओरडा.

वस्ताद डोळे मिटून बसले होते. हसत होते की काय, कळेना.

पायऱ्यांवर एक बाई होत्या, नीलम पावसकर. चिपळूणकडच्या, अंगणवाडीत मदतनीस. रात्रीची एसटी धरून आलेल्या. त्या खाली वाकून म्हणाल्या, "काका, यांचा तो वाजवणारा आज आला नाही का?"

"कुठला वाजवणारा?"

"तो हो. प्रत्येक गाण्यात असतो तो. खटॅक-खट, खटॅक-खट. मी भाकऱ्या थापताना त्याच्याबरोबरच थापते. मला तर तोच सगळ्यात आवडतो."

माझ्या तोंडून हसू फुटलं. माग कधी बघितला नव्हता बाईंनी.

वस्ताद हसले नाहीत. ते सरकले आणि आपल्या शेजारची पायरी हातानं पुसली.

"हितं बसा ताई. तो आज आला न्हाई. तुम्ही वाजवा."

"मी? अहो, छे..."

"भाकरी थापा."

बाई बसल्या. लाजल्या. मग पायरीवर तळहात मारला. खटॅक-खट. खटॅक-खट. आणि मध्येच हात हवेत धरला, एक ठोका गिळला आणि पुढं पळाल्या.

मी ताठ बसलो. हा माझा तिसरा माग होता.

मागं एकानं डब्याच्या झाकणावर तोच ठोका धरला. तोही तिथंच अडला, तिथंच पळाला. मग कुणी पाण्याच्या बाटलीवर, कुणी मांडीवर, कुणी भिंतीवर. चाळीस माणसं. कुणी बार्शीचं, कुणी मालवणचं, कुणी मालेगावचं. एकमेकाचं नाव माहीत नाही, आणि सगळी एकाच ठिकाणी लंगडत होती! पायऱ्या हलायला लागल्या. पत्रा घुमला. मला खरंच वर बघावंसं वाटलं.

आतला आरडाओरडा बंद झाला.

"लाईट आली! माग सुरू झाले!" इरफान आत ओरडला.

गिटारची तार पुन्हा डासासारखीच वाजली.

कडी निघाली. दार उघडलं. घामानं थबथबलेला तुषार.

"आप्पा, लाईट आली?"

"न्हाई बाबा."

"मग माग..."

त्यानं वर बघितलं. मग समोर बघितलं. हात चालूच होते. त्याच्या तोंडासमोर सगळ्यांनी एकदम एक ठोका गिळला.

तुषारनं दाराची चौकट धरली.

"यांना... यांना कुणी शिकवलं हे?"

वस्तादांनी एक बोट पुढं केलं आणि तुषारच्या खिशातल्या फोनवर टेकवलं.

"यांच्याकडं हे कुणी धाडलं होतं रं?"



वस्ताद वाकून आत गेले. पोतं उचलून आणलं, झटकलं आणि नेमकं उंबऱ्यावर अंथरलं. निम्मं आत, निम्मं बाहेर.

तुषार पोत्याकडं बघत राहिला. नीलमताईंचा हात एवढ्यात थांबला.

"का थांबलासा, ताई?" तुषार म्हणाला.  "धरा की. तुमच्याशिवाय जमंना आम्हाला."

तो बसला.

आणि गायला! अजून ती दुपार माझ्या कानात आहे. कधी नव्हे ते आमचं गाणं जमिनीच्या वर आलं, उन्हात आलं, गल्लीभर झालं. जी गल्ली अंगावर यायची ती खिडक्या उघडून बघायला लागली. पलीकडची म्हातारी हातातलं लाटणं कठड्यावर आपटत होती. फोन वर झाले होते, हातही वर झाले होते, कुठला कुणाचा कळत नव्हतं. तुषारची आई गर्दीत उभी होती. ती कधी आली, कुणालाच माहीत नाही.

मध्येच वर शेडमध्ये दिवा लागला. लाईट आली होती. मी माग सुरू करायला उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉबर आला. पिशवी खाली ठेवून त्यानं पाना काढला आणि तिसऱ्या मागाकडं निघाला, तेवढ्यात भिंतीवरून वस्तादांचं डोकं वर आलं.

"आप्पा," ते म्हणाले, "त्या बिचाऱ्याला चहा पाजा आणि परत धाडा."