भागोजीने केलेला सगळ्यात हलका पाय

एका गावात एक भोळा इंजिनिअर होता. नाव भागोजी. शहरातल्या संशोधनशाळेत तो संगणकावर कृत्रिम पाय घडवी. "मी बसल्या जागेवरून माणसं चालवतो," असं गावभर सांगे. "कालच उंबऱ्याला अडखळून पडलो," हेही तोच सांगे.

त्याच्याकडे लहानूबाबा आले. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, नरसिंहाचं सोंग नाचवायचा मान त्यांच्या घरचा. यंदा नाचले नाहीत, तर मान चुलतभावाकडे जाणार. आणि चुलतभाऊ आतापासूनच डरकाळ्या फोडून बघत होता.

संशोधनशाळेच्या प्रमुख वसुधामॅडम म्हणाल्या, "भागोजी, चांगल्या पायावरून दुसरा बनव."

भागोजीने डाव्या पायावरून हुबेहूब डावा पाय केला.

बाबा म्हणाले, "लेका, दोन डावे पाय घेऊन नाचू कसा? गरागरा फिरत विहिरीत जाईन की!"

मॅडम म्हणाल्या, "अरे, आरशात दिसतं तसं उलटं करायचं!"

"हां, आता कळलं," भागोजी म्हणाला.

मग कृत्रिम पायाच्या वरची, गुडघ्याखाली उरलेला पाय आत बसवायची वाटी करायची होती. भागोजीने बाबांना सकाळपासून एका पायावर उभं ठेवलं, उरलेल्या पायाचं माप घेतलं आणि आरशात दिसतं तसं उलटं केलं. वाटी काही चढेना.

मॅडम कडाडल्या, "हे माप आहे तसंच ठेवायचं! आणि म्हाताऱ्या माणसाला उभं काय करतोस? खुर्चीत बसव!"

"हां, आता कळलं."

वाटी बसली. पायही उजवा झाला. पण जड.

बाबा म्हणाले, "हा घालून नाचू, का नुसता उचलून दाखवू?"

मॅडम म्हणाल्या, "बाबांचा भार मोजून संगणकात घाल. पायाच्या ज्या भागावर भार येत नाही, तो काढून टाक. होईल हलका."

भागोजीने जड पाय मोडीत घातला. बाबांना खुर्चीत बसवलं. पाठीला उशी दिली, चहा पाजला, आणि मग भार मोजला. संगणक म्हणाला, भार कुठेच नाही. भागोजी म्हणाला, मग काढ. संगणक भागोजीपेक्षा आज्ञाधारक. त्याने काढलं.

बोहाड्याच्या दिवशी भागोजी खोकं घेऊन गावात हजर. संबळ वाजत होता. चुलतभाऊ मुखवट्याच्या दोऱ्या बांधून बघत होता.

"बाबा, इतका हलका पाय जगात कुणी केला नसेल! वजन शून्य!"

बाबांनी खोकं उघडलं. आत हात घातला. खोकं उलटं करून झटकलं. मग भागोजीकडे बघून म्हणाले,

"भागोजी, अरे हाच पाय घालून तर मी तुझ्याकडे आलो होतो!"