मुनियेचं घरटं

पाखरांची पंचायत भरत असे, त्या काळची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सगळी घरटी एकाच सुगरण पक्ष्याने विणली होती. एके सकाळी, त्यातल्याच एका घरट्यातली मुनियेची अंडी त्यानेच फोडल्याचं उघड झालं. पाखरांनी टोचून टोचून त्याला हाकललं आणि मग आपसांतच जुंपली.

“त्याच्या चोचीची एक काडीसुद्धा झाडावर नको!” साळुंकी ओरडली.

“मग पिल्लं तुझ्या डोक्यावर ठेवू? घरट्याने काय केलंय?” चिमणी कडाडली.

दिवसभर भांडण चाललं. चिमणीने आपलं घरटं राखलं. साळुंकीने जमतील तेवढी तोडून विहिरीत टाकली.

मुनिया उघड्या फांदीवर बसून होती. सगळ्यांत आधी तिचंच घरटं तोडलं होतं, तिला न विचारता, फुटक्या अंड्यांसकट.