टिचकी, पडद्याची काठी आणि बाळाचा फोटो

चुळबुळ थांबली का? मांडी घातली का? मग ऐका.

टिचकी म्हणजे उंदराची पोर. एवढीशी. चिमटीत मावेल एवढीशी! तिला एक भाऊ होता. तो तर तिच्याहून एवढासा. त्याला सगळे नुसतं बाळ म्हणायचे.

आज बाळाचं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं घातलं. हलव्याचे दागिने घातले. डोक्यावर मुकुट. गळ्यात हार. हातात कडं. सगळं साखरेचं, पांढरंशुभ्र! आता बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे ओतायचे, बोरं ओतायची. आणि पिल्लांनी ती लुटायची. शेजारपाजारची सगळी पिल्लं येऊन बसली होती.

दागिने आजीनं पाठवले होते. आजी राहायची नदीपलीकडे. तिचे गुडघे दुखायचे. तिला येता येईना. तिनं बाळाला अजून पाहिलंच नव्हतं. तिनं बसल्या बसल्या एकेक दाणा ओवला. आणि निरोप धाडला, "बाळाचा फोटो पाठवा गं. माझे दागिने घालून कसं दिसतं, मला बघू दे."

म्हणून फोटोवाले बगळेकाका आले. गळ्यात कॅमेरा. एका पायावर उभे.

बगळेकाका म्हणाले, "मागे पडदा हवा. पडद्याला स्टँड हवा."

बाजारात लोखंडी स्टँड मिळतो. उंच, चकचकीत. त्याची किंमत ऐकली आणि आईची शेपटी ताठ झाली!

"राहू दे बाई," आई म्हणाली. "आपण घरीच करू."

आईनं दोन करवंट्या घेतल्या. त्यांत वाळू भरली. खच्च खच्च! एका करवंटीत एक काठी रोवली. दुसरीत दुसरी रोवली. वर एक आडवी काठी बांधली. तिच्यावर आईचा पिवळा रुमाल सोडला. झाला की स्टँड! झाला की पडदा!

पण टिचकीला काय दिसलं? टिचकीला दिसला झोका.

टिचकी सरसर चढली. आडव्या काठीला लोंबकळली. झुईं... झुईं... झुईं...

काड!

काठी मोडली. रुमाल पडला. टिचकी धपकन खाली.

कुणी रागावलं नाही. म्हणून टिचकीला जास्तच रडू आलं.

बगळेकाकांनी वर पाहिलं. "ऊन आहे तोवर फोटो. ऊन गेलं की मी गेलो. उद्या मी या गावात नाही."

तेवढ्यात आवाज आला. कुरुम!

बाळानं मुकुटाचा दाणा खाल्ला होता! आईनं त्याचा एक हात धरला. तर दुसरा तोंडात. उंदराचंच बाळ ते. साखर अंगावर घालून गप्प कसं बसणार?

टिचकीच्या छातीत धडधड धडधड. "ऊन जाईल. दागिने संपतील. मग आजी काय बघणार?"

ती म्हणाली, "मी काठी आणते!"

टुणुक टुणुक टुणुक, टिचकी पळाली.

गेली बांबूकडे. उंच उंच बांबू. हिरवा हिरवा बांबू.

"बांबूदादा, बांबूदादा, एक काठी दे ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

बांबू म्हणाला, "देईन गं देईन. पण हा वेल बघ. माझ्या अंगावर चढलाय. मला करकचून बांधलंय. शेळीनं वेल खाल्ला, तरच मी काठी देईन."

टिचकीनं मागे पाहिलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. लांबून आवाज आला. कुरुम कुरुम!

"अगं बाई, मुकुट चालला!"

टुणुक टुणुक टुणुक, टिचकी पळाली.

गेली शेळीकडे. शेळी बसली होती जीभ काढून.

"शेळीमावशी, शेळीमावशी, वेल खा ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"बांबू काठी देईना.
काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

शेळी म्हणाली, "खाईन गं खाईन. पण माझा घसा बघ. कोरडा ठाक! घास गिळवत नाही. पाटानं पाणी दिलं, तरच मी वेल खाईन."

कुरुम कुरुम! टिचकीनं कान टवकारले. छातीत धडधड धडधड.

टुणुक टुणुक टुणुक, टिचकी पळाली.

गेली पाटाकडे. पाट म्हणजे शेताला पाणी नेणारी लांबच लांब नाली. पण आज पाटात पाणी नव्हतंच. ते मागे अडून बसलं होतं.

"पाटोबा, पाटोबा, पाणी दे ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"शेळी वेल खाईना,
बांबू काठी देईना.
काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

पाट म्हणाला, "ब्लुब्... देईन गं देईन. पण माझं तोंड बघ. वाळक्या पानांनी बुजलंय. ब्लुब्! वाऱ्यानं पानं उडवली, तरच मी पाणी देईन."

टिचकीनं मागे पाहिलं. ऊन भिंतीवरून कुंपणावर गेलं होतं. आणि कुरुम कुरुम थांबलं होतं.

थांबलं? का थांबलं? मुकुट संपला की काय?

कुरुम! कुरुम! कुरुम! पुन्हा सुरू झालं.

"अगं बाई, आता हार चालला!"

टुणुक टुणुक टुणुक, टिचकी पळाली.

वारा कुठं आहे? झाडावर नाही. माळावर नाही. पान हलत नाही. काडी हलत नाही. वारा गवताच्या गंजीमागे बसला होता. गाल फुगवून. रुसून!

"वारादादा, वारादादा, पानं उडव ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"पाट पाणी देईना,
शेळी वेल खाईना,
बांबू काठी देईना.
काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

वारा म्हणाला, "फूऽऽ! उडवीन गं उडवीन. पण माझा पतंग बघ. लाल लाल पतंग! बोरीत अडकलाय. बोरीनं पतंग सोडला, तरच मी पानं उडवीन. तोवर मी नाही हलणार. नाही म्हणजे नाही!"

एवढा मोठा वारा, आणि पतंगासाठी रुसतो! पण हसायला टिचकीला वेळ कुठं होता?

टुणुक टुणुक टुणुक, टिचकी पळाली. पाय दुखले. तरी पळाली. धाप लागली. तरी पळाली.

गेली बोरीकडे. बोरीला काटेच काटे. बोरंच बोरं. आणि मधे लाल पतंग.

"बोरीआत्या, बोरीआत्या, पतंग सोड ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"वारा पानं उडवेना,
पाट पाणी देईना,
शेळी वेल खाईना,
बांबू काठी देईना.
काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

बोरी म्हणाली, "सोडीन गं सोडीन. पण माझ्या फांद्या बघ. बोरांनी गच्च लगडलेल्या. वाकून वाकून एकीत एक गुंतल्या. पतंग त्यात पक्का धरला गेलाय. कुणी बोरं लुटली, तरच मी पतंग सोडीन."

आता बोरं कोण लुटणार? टिचकी एकटी? एकेक बोर टिचकीच्या डोक्याएवढं!

टिचकीनं एक बोर ओढलं. हुश्श! दुसरं ओढलं. हुश्श! वर तर बोरंच बोरं.

टिचकीनं मागे पाहिलं. ऊन कुंपणावरून उडालं होतं. आता ते नुसतं झाडांच्या शेंड्यांवर होतं.

टिचकी मटकन खाली बसली. मुळूमुळू रडू लागली. "माझ्यामुळे मोडली काठी. आता आजीला बाळ दिसणार नाही."

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. पिल्लं ओरडत होती. "कंटाळा आला! बोरं कधी लुटायची? बोरं कधी लुटायची?"

टिचकीचं रडणं थांबलं. कान ताठ झाले. शेपटी ताठ झाली.

टुणुक टुणुक टुणुक टुणुक, टिचकी घराकडे पळाली!

अंगणात खारीची पिल्लं होती. कोंबडीची पिल्लं होती. सशाची पिल्लं होती. सगळी हाताची घडी घालून बसली होती. आणि बाळ? बाळाच्या डोक्यावर मुकुट नव्हता. बाळाच्या गळ्यात हार नव्हता, नुसता दोरा होता. उरलं होतं एकच कडं.

"पिल्लांनो, पिल्लांनो, बोरं लुटा ना!"

"का गं टिचकी, का गं?"

"बोरी पतंग सोडेना,
वारा पानं उडवेना,
पाट पाणी देईना,
शेळी वेल खाईना,
बांबू काठी देईना.
काठी नाही तर पडदा नाही,
पडदा नाही तर फोटो नाही,
आणि ऊन चाललंय, ऊन चाललंय!"

पिल्लं नाही म्हणाली का?

छे! पिल्लं म्हणाली, "बोरं? लुटायला? आम्ही आलोय कशाला मग!"

लुटा रे लुटा! धावा रे धावा! खारी वर चढल्या. ससे खाली उभे राहिले. कोंबड्यांनी टोपली धरली. टपाटप टपाटप, बोरं पडली. टोपली भरली.

फांद्या हलक्या झाल्या. सळ्ळकन वर उठल्या. बोरीनं पतंग सोडला!

पतंग सुटला. वारा हसला. फूऽऽऽ! वाऱ्यानं पानं उडवली!

पानं उडाली. तोंड मोकळं झालं. खळखळ खळखळ! पाटानं पाणी दिलं!

शेळी पाणी प्याली. गट् गट् गट्! मग उठली. चरचर चरचर! शेळीनं वेल खाल्ला!

वेल सुटला. बांबूनं अंग ताणलं. "हाऽश! आता बरं वाटलं." कट्ट! बांबूनं काठी दिली! सरळ काठी. हलकी काठी. आणि पक्की काठी.

टिचकीनं काठी खांद्यावर घेतली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक टुणुक!

आईनं सुतळी घेतली. आडवी काठी बांधली. पिवळा रुमाल सोडला. वर एक चिमटा लावला. खट्! दुसरा चिमटा... दुसरा चिमटा कुठं गेला?

इथं नाही. तिथं नाही. रुमाल एका बाजूनं लोंबू लागला. ऊन आता एका पानावर उरलं होतं.

"वर चढून कुणीतरी कोपरा धरा!" बगळेकाका ओरडले. "कुणीतरी हलकं! लवकर!"

सगळ्यांनी टिचकीकडे पाहिलं.

टिचकीनं काठीकडे पाहिलं. छातीत धडधड धडधड. मघाशी काड झालं होतं. आता पुन्हा काड झालं तर?

"चढ गं टिचकी," आई म्हणाली. "मी खाली आहे."

टिचकी चढली. हळू... हळू... आडव्या काठीवर बसली. काठी हलली. सगळ्यांनी श्वास रोखला.

काड?

नाही!

काठी मोडली नाही. टिचकीनं कोपरा घट्ट धरला. पडदा सरळ झाला. पिल्लांनी बोरं ओतली, चुरमुरे ओतले. बाळ खदखदून हसलं. कडं तोंडाकडे निघालं...

खटॅक!

फोटो निघाला. लगेच ऊन गेलं. आणि लगेच आवाज आला. कुरुम! कडंही गेलं.

फोटो नदीपलीकडे गेला. आजीनं चष्मा लावला. फोटो जवळ धरला. मग लांब धरला.

शेजारीण म्हणाली, "अहो, मुकुट कुठाय? हार कुठाय?"

आजीनं बोट ठेवलं. बाळाच्या पोटावर. गोल गोल, टम्म पोटावर!

"हा काय मुकुट," आजी म्हणाली. "हा काय हार. सगळे दागिने दिसले मला!" आणि आजी इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

मग तिनं फोटोत वर पाहिलं. पिवळ्या पडद्याच्या वर, काठीवर, कोण बसलंय? एवढीशी. डोळे मिटलेले. कोपरा गच्च धरलेला.

"आणि ही माझी टिचकी," आजी म्हणाली.

आजीनं पुन्हा सुई घेतली. पुन्हा दोरा घेतला. एकेक दाणा ओवला. मग नदीअलीकडे, टिचकीच्या घरी, एक पुडकं आलं. त्यावर बाळाचं नाव नव्हतं. टिचकीचं नाव होतं! आत होता मुकुट. पांढराशुभ्र, टिचकीच्या मापाचा.

टिचकीनं मुकुट डोक्यावर घातला. अंगणभर मिरवली. टुणुक टुणुक टुणुक!

बाळ मागे मागे आलं. त्यानं मुकुटाकडे पाहिलं. टिचकीनं बाळाकडे पाहिलं.

मग? मुकुट किती वेळ राहिला?

कुरुम!

एक दाणा बाळाला, एक दाणा टिचकीला. कुरुम कुरुम कुरुम. मुकुट गेला पोटात, आणि गोष्ट आली तुमच्या कानात!