तिसरं कडवं

एकदा एक वृद्ध संगीतशिक्षक भर उपासनेत ऑर्गन वाजवायचे थांबले, आणि त्यांच्या शिष्येने मोठ्या प्रेमाने एक चूक केली.

त्यांना सारं गाव शलमोन मास्तर म्हणे. गाव लहान, चर्च दगडी, आणि ऑर्गन जुन्या वळणाचा, पायांनी भाता चालवायचा. आठवडाभर मास्तर शाळेत मुलांना गाणं शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये त्याच मुलांच्या आईबापांना नि आजी-आजोबांना गाण्यातून सांभाळून नेत. मंडळीतला एकही गळा असा नव्हता, ज्याला त्यांनी कधी ना कधी सूर लावून दिला नव्हता. पत्नी निवर्तली होती, मूलबाळ नव्हतं. ऑर्गन आणि मंडळी एवढाच त्यांचा संसार होता.

सुवार्ता ही त्यांची सर्वांत गुणी शिष्या. पुण्याला जाऊन संगीत शिकली, तिथेच शिकवू लागली, आणि वडील आजारी पडले म्हणून गावी परतली. चर्चच्या पाळकसाहेबांना हायसं वाटलं. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर आता थकलेत गं. वाजवता वाजवता मधेच थांबतात. तोंडावर कुणी बोलत नाही, पण पंचांमध्ये कुजबुज सुरू झालीय. तू शेजारी बसत जा. चुकलं तर सांभाळून घे."

सांभाळून घेणं हा आपल्याकडे फार मोठा गुण मानतात. सुवार्तामध्ये तो भरपूर होता.

पहिल्याच रविवारी ती मास्तरांच्या शेजारी बसली. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मास्तरांनी पट्ट्यांवरून हात उचलले, मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. मंडळी नुसत्या गळ्याने गाऊ लागली. ज्या हातांनी सुवार्ताला पहिले सूर शिकवले, तेच हात आज गाणं विसरले, असं तिला वाटलं. तिने चटकन पुढे वाकून सूर धरले आणि कडवं तडीला नेलं. कुणाला काही कळलंही नाही. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. मास्तरांचे हात थांबले होते, पाय थांबले नव्हते. विसरलेल्या माणसाचे पाय भाता चालवत राहत नाहीत.

उपासनेनंतर बायकांनी तिचं कौतुक केलं. एरवी रविवारी दुपारी मास्तर कुणाच्या ना कुणाच्या दारात दिसायचे. त्या दिवशी ते सरळ घरी गेले.

बुधवारी मंडळीतल्या लुदियाबाई गेल्याचं गावाला कळलं. त्या एकट्या राहत. मुलगा पुण्याला, घर गल्लीच्या टोकाला. शनिवारी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या त्या उठल्याच नाहीत. दार बंद दिसलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, लेकाकडे गेल्या असतील. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत तरी जीव असावा.

दफनविधी झाल्यावर मास्तर सुवार्ताला रिकाम्या चर्चमध्ये घेऊन गेले आणि ऑर्गनच्या बाकावर बसले.

"तिसऱ्या कडव्याला मी दर रविवारी हात उचलतो," ते म्हणाले. "विसरतो म्हणून नाही. ऐकण्यासाठी. तुमच्यासारखी पोरं शिकून शहरात गेली आणि इथं घरोघर एकेकटी माणसं उरली. आजारी आहोत असं ती सांगत नाहीत. मग कुणाचा आवाज आला नाही ते मी ऐकतो, आणि दुपारी त्या घरी जातो. ऑर्गन वाजत असला की कुणाचीच उणीव जाणवत नाही, बाळ. तो सगळं भरून काढतो."

सुवार्ताचा चेहरा उतरला. "म्हणजे मी वाजवलं नसतं तर लुदियाबाई..."

"कदाचित वाचल्या असत्या." मास्तरांनी खोटा धीर दिला नाही.

"मग मला आधी सांगायचं नाही का, मास्तर?" ती रडू लागली. "निदान तेव्हा माझा हात तरी धरायचा!"

"सांगितलं नाही, कारण हे बाहेर पडलं असतं तर लोक मला ऐकू जावं म्हणून गायले असते, देवासाठी नाही. आणि हात धरायची तर गरजच नव्हती. मी पाय थांबवले असते की ऑर्गन गप्प झाला असता." मास्तरांची नजर भात्याकडे गेली. "पण चार माणसांत माझ्या शिष्येची फजिती होईल, म्हणून मी भाता चालवत राहिलो. तू माझी लाज राखलीस, मी तुझी राखली. आपल्या दोघांच्या या चांगुलपणात ती म्हातारी फरशीवर पडून राहिली. हे ओझं तुझ्या एकटीचं नाही. माझा वाटा मोठा आहे, कारण मला ठाऊक होतं."

सुवार्ताने डोळे पुसले. मग मास्तर म्हणाले, "माझे कानही आता उतरणीला लागलेत. येत्या रविवारी तू बस. वाजवायला येतंच तुला. ऐकायला शीक."

त्या रविवारी मास्तर शेवटच्या बाकावर बसले. तिसऱ्या कडव्याला सुवार्ताने हात उचलले, पाय चालू ठेवले आणि मान खाली घातली.

लुदियाबाईंची एक खोड होती. सगळ्यांची ओळ संपली की त्यांचा शेवटचा शब्द एकटाच मागून यायचा. लहानपणी मुलं त्यावर खुदखुदत, सुवार्ताही त्यांत असे. आज ओळ सगळ्यांची एकदमच संपली. ताल अगदी बिनचूक होता. सुवार्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हात तिने मांडीवरच ठेवले. पुरुषांच्या बाजूने हनोखकाकांचा भरदार आवाजही येत नव्हता.

उपासना संपताच ती शेवटच्या बाकापाशी गेली. "मास्तर, हनोखकाका हल्ली कुठं राहतात?"

मास्तरांनी काठी उचलली आणि तिला घेऊन निघाले. हनोखकाकांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "कालच लेकीकडं गेलेत की! मीच रिक्षात बसवून दिलं."

सुवार्ता ओशाळली. "उन्हातान्हात तुमचा फेरा फुकट गेला, मास्तर."

"तो फुकट जावा, हेच तर मी देवाकडे मागत असतो," मास्तर म्हणाले.

परतीच्या वाटेवर लुदियाबाईंचं घर लागलं. पुढच्या दोरीवर त्यांनी त्या शनिवारी धुतलेलं लुगडं अजून तसंच वाळत पडलं होतं. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होतं. सुवार्ताने ते काढलं, नीट घडी घातली, आणि काय करावं न कळून छातीशी धरून उभी राहिली.

कुणी थांबलेला दिसला, तर त्याला सांभाळून घेण्याआधी तो का थांबलाय, एवढं विचारावं.