सरदारांचं पथ्य

सोनकड्याच्या राज्यात घरटी वर्गणी औषधकोठीत जमा होई आणि जो आजारी पडेल त्याचा इलाज त्यातून फुकट होई. कोठी सांभाळायची येसाबाई वैद्यीण. औषध चालू असेपर्यंत पथ्य पाळायचं, एवढाच तिचा नियम.

ऐन तापाच्या साथीत खादाड सरदार झुंजारराव दरबारात उभे राहिले. "महाराज, नवा दिवाणखाना झाल्याशिवाय मला झोप लागायची नाही. हासुद्धा आजारच. तेव्हा त्याचा खर्च कोठीतून मिळावा."

सरदारांच्या पंगतीत नेहमी जेवणारे महाराज मान डोलावू लागले.

येसाबाई म्हणाली, "मिळेल की. दिवाणखाना हेच सरदारांचं औषध म्हणायचं. बांधून व्हायला किती काळ लागेल?"

"तीन वर्षं तरी," सरदार खुशीत म्हणाले.

"मग तीन वर्षं पथ्य. मटण नाही, तूप नाही, दोन्ही वेळा बिनमिठाची पेज. मी समोर बसून पाजेन."

महाराजांनी हसू दाबत विचारलं, "काय झुंजारराव, आजपासूनच सुरू करायचं?"

सरदार तर खांबाला टेकून घोरत होते.

नाडी पाहून येसाबाई म्हणाली, "सरदार बरे झाले. आता मी तापाच्या रोग्यांकडे जाते."